अडुळशाची बाटली

आमच्या जळगावच्या घरात नवा संडास बांधला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद भाऊंना झाला होता. भाऊ म्हणजे माझे मोठे दीर. सरकारी कचेरीत कारकून होते, घरात शब्द त्यांचाच चाले. त्यांनी हौसेने पांढऱ्याशुभ्र फरशा बसवून घेतल्या. पण आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी इतकं जड की वर्षाच्या आत त्या फरशांवर पिवळे थर चढले. भाऊंना ते बघवेना. गल्लीत आठवड्यातून एकदा एक हातगाडीवाला यायचा. गाडीवर फिनेलचे आणि ॲसिडचे कॅन, आणि एक नरसाळं. "ॲसिड, फिनेल!" अशी लांबून आरोळी द्यायचा. बाटली आपली न्यायची, तो नरसाळ्याने ओतून द्यायचा. बाटली काचेचीच हवी, एवढंच तो बजावायचा. कसली बाटली, हे त्याने कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

घरात आम्ही दोघी जावा. थोरलीला मी अक्का म्हणायची. अक्का पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातली, चौथी शिकलेली, कामाला वाघीण आणि हाताला अशी चव की तिचं भरीत खायला भाऊंच्या कचेरीतली माणसं निमित्त काढून यायची. तिला एकच मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. माझी मुलगी अकरा महिन्यांची, रांगती, दिसेल ते तोंडात घालणारी.

ते दिवस मे महिन्याचे होते. वर्षाचा काळा मसाला करायचा होता. सकाळी हातगाडीवाल्याची आरोळी मी ऐकली. भाऊ बाटली घेऊन बाहेर गेले, तेही पाहिलं. थोड्या वेळाने लेकीचे लंगोट धुवायला मी मोरीत गेले, तर कोपऱ्यात जमिनीवरच तपकिरी काचेची बाटली ठेवलेली. अडुळशाच्या काढ्याची. तिच्यावरचा कागद तसाच होता, हिरव्या पानाचं चित्र असलेला. झाकणाजवळ नाक नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. ॲसिड आहे हे मला कळलं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मला नीट कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

माझी मुलगी उंबऱ्यापर्यंत रांगत आली होती. मी बाटली उचलली आणि स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिली. तिथे लेकराचा हात पोचणार नव्हता. अक्काला सांगायचं, असं मनात म्हटलं. तेवढ्यात तिने अंगणातून हाक मारली, "अगं ये लवकर, मिरच्या करपतील." आणि मी गेले.

दुपारपर्यंत आम्ही मिरच्या, धणे, खोबरं भाजत होतो. सगळं घर ठसक्याने भरलं होतं. उन्हाच्या झळा येऊ नयेत म्हणून खिडक्या लावलेल्या, त्यामुळे अंगणातून दाराने आत आलेला धूर तिथेच कोंडलेला. अक्काच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. खोकून खोकून ती म्हणाली, "थांब बाई, घोटभर औषध घेते." आणि आत गेली.

अक्काची सवय अशी की काढा चमच्यात ओतायचा नाही, बाटलीच तोंडाला लावायची. मी अंगणात कढई उतरवत होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग जो आवाज आला तो माणसाचा वाटलाच नाही.

मी पळत गेले. अक्का जमिनीवर बसली होती, दोन्ही हातांनी गळा धरून. बाटली फुटली होती आणि शहाबादी फरशीवर फेस उठत होता. मी किंचाळले. शेजारची म्हातारी धावत आली.

"माय व, काय व्हयनं?"

मी नुसतं फरशीकडे बोट दाखवलं. म्हातारीने वास घेतला, कपाळावर हात मारला आणि मिठाचं पाणी करायला सांगितलं. मी केलं. आम्ही दोघींनी तिच्या तोंडात ते मिठाचं पाणी ओतलं आणि तिला ओकायला लावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा ते ओरडले, "कोणी सांगितलं उलटी करवायला? जाताना एकदा भाजलं, येताना पुन्हा भाजलं!" तेही माझ्याच हातून झालं.

भाऊ कचेरीतून थेट दवाखान्यात आले. कॉटशी उभे राहिले, अक्काकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय प्यायली?"

"ॲसिड. अडुळशाच्या बाटलीतलं."

भाऊंचा चेहरा मी पाहत होते. तो क्षणभर पांढरा पडला. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आमच्या घरात मी भाऊंशी समोरासमोर बोलत नसे, तशी रीत होती. त्या दिवशी ती रीत माझ्या कामी आली.

संध्याकाळी हवालदार आला. त्याने भाऊंना विचारलं, "घरात काही भांडण? त्रास?" भाऊ म्हणाले, "नाही हो. तसं काही नाही." "मग बाटली कुठून आली?" भाऊंनी कॉटकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरात असतेच. साफसफाईला. तिने कशी घेतली, काय माहीत." खोटं असं त्यात एकही वाक्य नव्हतं. हवालदाराने ते लिहून घेतलं. मला त्याने विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं, "अंगणात." तेही खरंच होतं.

अक्काला बोलता येत नव्हतं. तिच्या हातात पेन्सिल दिली, तिने मोठ्या वाकड्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: चुकून. हवालदाराने कागद पाहिला आणि सवयीने मान हलवली. अशा प्रत्येक बाईच्या जबाबात तोच शब्द असतो. नवऱ्याला, सासरला वाचवायला बाया तोच शब्द लिहितात. अक्काने खरं लिहिलं होतं, आणि तिचं खरं दुसऱ्या बायांच्या खोट्यासारखंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मन्ही पोर तशी नही शे. तुम्ही काय करं तिले, ते सांगा." भाऊ खाली बघत राहिले. गल्लीतल्या लोकांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. म्हाताऱ्याने लेकीची बाजू घेतली, पण त्यानेही तिने ते जाणूनबुजून प्यायलं हे धरूनच भांडण केलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर. "भाऊंनी भरली, मी वर ठेवली, अक्काला माहीत नव्हतं." तीनच गोष्टी. पण मला वाटलं, बाटली वर ठेवणारी म्हणून माझंच नाव पुढे येईल. जावेने जावेला ॲसिड पाजलं, असं लोक म्हणतील. पोलीस मला नेतील. माझं लेकरू अंगावर पीत होतं. मी भाऊंची वाट पाहिली. त्यांनी आधी बोलावं, मग मी बोलेन. आता वाटतं, तेही कदाचित माझीच वाट पाहत असतील. बाटली मोरीतून फडताळात आपोआप गेली नाही, हे त्यांना कळलंच असणार.

अक्का वाचली. पण अन्ननलिका आतून आक्रसत गेली. आधी भाकरी बंद झाली, मग भात, मग वरणही पातळ करून. धुळ्याला एक डॉक्टर होते, ते घशातून नळी घालून वाट रुंद करायचे. दर पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याला एकदा जावं लागे. तिच्याबरोबर मी जायचे. मीच पुढे झाले होते, "मी नेईन अक्काला" म्हणून. घरच्यांना माझं फार कौतुक वाटलं. जावेची अशी सेवा कोण करतं, असं माझ्या नवऱ्याची मावशी चारचौघांत म्हणायची.

एस.टी.त अक्का खिडकीशी बसायची, मी तिच्या शेजारी. पारोळ्याला गाडी थांबली की लोक भजी, शेव घ्यायचे. अक्का तोंड फिरवायची. नळी घातल्यावर परतताना तिला बोलवत नसे, माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपायची. तिच्या डोक्याचं ओझं मला आजही त्याच खांद्यावर आठवतं. तेवढ्या प्रवासात मी किती वेळा तोंड उघडलं आणि "पाणी हवं का?" असं विचारून मिटलं.

एकदा डॉक्टरांनी नळी काढल्यावर तिला मायेने विचारलं, "ताई, तेव्हा का केलंत असं? लहान मुलगी होती ना घरात?" अक्काने मान हलवली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चुकून झालं हो." डॉक्टर माझ्याकडे बघून खिन्नपणे हसले, लहान मुलाचं खोटं ओळखून मोठी माणसं हसतात तसं. आणि मी? मीही हसले. त्यांच्यासारखीच.

घरात मात्र काही बदललं नाही. काही महिन्यांत फरशा पुन्हा पिवळ्या दिसायला लागल्या आणि भाऊंनी पुन्हा ॲसिड घेतलं. या वेळी गुलाबाच्या सरबताच्या बाटलीत. ती मी मोरीच्या कोनाड्यात पाहिली. मी नवऱ्याच्या मागे लागून माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी खाली काढली. ती परसात न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवली. ॲसिड, फिनेल, धुण्याचा सोडा, ढेकणाचं औषध, सगळं त्यात. सरबताच्या बाटलीवरचा कागद भिजवून खरवडून काढला, खळ करून नवी चिठ्ठी चिकटवली, 'ॲसिड' असं लिहिलं आणि वाचता न येणाऱ्यांसाठी लाल फुली काढली. पेटीला कुलूप लावलं. किल्ली मी माझ्या कमरेला ठेवली.

मला वाटलं, एक तरी शहाणपणाचं काम केलं.

चार-पाच दिवसांनी अक्का परसात तुळशीला पाणी घालत होती. पेटीकडे बघत म्हणाली, "हे कुलूप माझ्यासाठी का गं?"

मी म्हटलं, "अक्का, नाही हो! लेकरांसाठी."

"लेकरं झाकण उघडू शकत नाहीत त्या पेटीचं. माझीच लेक परवा म्हणत होती, मला जड जातं." ती पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती. "शेजारची म्हातारी काल म्हणत होती, बरं केलं बाई धाकटीने, तुझ्यावर लक्ष ठेवते."

मी कमरेची किल्ली पदराखाली सारली. ती म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना तसंच वाटतं ना? तुला पण?"

त्या क्षणी मी सांगितलं असतं तर! परसात आम्ही दोघीच होतो. ती विचारत होती. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही जास्त विचार करू नका." तिने उरलेलं पाणी मातीवर ओतलं आणि आत गेली. त्यानंतर तिने कोणालाच 'चुकून' म्हणून सांगितलं नाही.

ती स्वयंपाक मात्र करत राहिली. सगळ्यांसाठी. वांगी भाजायची, मिरच्या-लसूण कुटायची, भाकऱ्या थापायची, आणि चव बघायला मला द्यायची. "मीठ बघ." मग स्वतः वाटीभर ताक किंवा गाळलेली पेज घेऊन भिंतीशी बसायची. भाऊ ताटावर बसले की म्हणायचे, "तुझ्या हाताला चव आहे ती आहेच." मला वाटायचं, हातातला घास ताटात टाकून उठावं. पण मीही जेवायचे.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. अक्काची मुलगी बी.ए. झाली. तिच्यासाठी चाळीसगावचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली, साखरपुड्याचं बोलणंही झालं. आणि मग मध्यस्थ एका रविवारी सकाळी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "त्यांचं मन मागेपुढे होतंय. कोणीतरी त्यांना सांगितलं म्हणे, मुलीच्या आईने पूर्वी ॲसिड घेतलं होतं. घरात काहीतरी असल्याशिवाय बाई असं करत नाही. आणि असं रक्तात उतरतं, असं त्यांच्या आजीचं म्हणणं."

भाऊ खुर्चीत बसले होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारात, आणि तिच्यामागे तिची मुलगी. भाऊ म्हणाले, "जुनी गोष्ट आहे हो ती. झालं गेलं."

मी भिंतीशी उभी होते. डोक्यावर पदर होता. तो मी काढला नाही, पण बोलले. मोठ्याने बोलले. "तिने मुद्दाम घेतलं नव्हतं. बाटलीत ॲसिड भाऊंनी भरलं होतं. अडुळशाच्या बाटलीत. आणि मोरीतून उचलून फडताळात मी ठेवली. मला माहीत होतं आत काय आहे ते. सांगायचं राहिलं."

मध्यस्थांनी कप खाली ठेवला. माझा नवरा माझ्याकडे असा बघत होता की ही बाई कोण. भाऊ म्हणाले, "आता हे उकरून काय मिळणार?" एवढंच. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

अक्का दारातून पुढे आली नाही. आत वळली. मी तिच्या मागे गेले. ती फडताळासमोर उभी होती.

"कुठे ठेवली होतीस?"

मी वरची फळी दाखवली.

"मी यांना दोन दिवस आधी सांगितलं होतं, अडुळसा संपलाय, येताना आणा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच घोगरा, त्यात राग नव्हता. "त्या दिवशी भरलेली बाटली दिसली. मला वाटलं, लक्षात ठेवून आणला. कधी नव्हे ते." तिने फडताळाचं दार लावलं. "घोट घेईपर्यंत मला बरं वाटत होतं गं."

मी तिचे पाय धरायला वाकले. ती बाजूला झाली.

"धुळ्याच्या गाडीत माझ्या शेजारी बसायचीस," ती म्हणाली. "मी तुझ्या खांद्यावर झोपायची."

"अक्का, मी घाबरले होते. माझं लेकरू..."

"माझंही लेकरू होतं. तिला शाळेत पोरी विचारायच्या, तुझी आई मरणार होती का? ती मला येऊन विचारायची. मी काय सांगायचं? मी सांगितलेलं तिनेही खरं मानलं नाही."

तिच्या मुलीने तेव्हा पहिल्यांदा आईला मागून मिठी मारली आणि रडली. अक्का रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा आता. पाहुणे बसलेत."

चाळीसगावचं स्थळ परत आलं नाही. मध्यस्थांनी सगळं सांगितलं असेलही. पण चाळीसगावच्या लोकांना ते धाकट्या जावेने घराची अब्रू झाकायला रचलेलं वाटलं, असं पुढे कानावर आलं. इतकी वर्षं कुठे होती ही, असं विचारलं म्हणे त्यांनी. प्रश्न बरोबर होता.

पुढच्या महिन्यात धुळ्याला जायच्या दिवशी मी सकाळी लवकर आवरून पिशवी घेऊन उभी राहिले. अक्का चपला घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी जाईन एकटी."

"परत येताना त्रास होतो तुम्हाला."

"होऊ दे."

ती एकटीच जायला लागली. दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतंच बोलली: पीठ संपलंय, नळ आलाय, दूध उतू जातंय. 'मीठ बघ' म्हणणंही बंद झालं. स्वतःच्या अंदाजाने टाकायची आणि कधी चुकायचं नाही. भाऊंशी ती आधीसारखीच वागत राहिली. वेळेवर चहा, वेळेवर ताट. मला त्याचा राग यायचा. बाटली त्यांनी भरली, हवालदारासमोर त्यांनी तोंड मिटलं, आणि शिक्षा मला एकटीला. एकदा न राहवून मी तसं बोलले. ती म्हणाली, "त्यांच्याकडून मी कसली अपेक्षाच धरली नव्हती. तुझ्याकडून धरली होती."

अक्काच्या मुलीचं लग्न पुढे धुळ्यालाच झालं. मुलगा साधा, कारखान्यात नोकरीला. त्याने चौकशी केली नाही, की त्याला गरज वाटली नाही, मला ठाऊक नाही. अक्का मग औषधोपचाराचं निमित्त करून तिथेच राहायला गेली. भाऊ निवृत्त झाले आणि जळगावच्या घरात आमच्याकडे राहिले. त्या दिवसाबद्दल एक अक्षरही त्यांनी मरेपर्यंत काढलं नाही. मीही काढलं नाही. एका घरात, एका पंगतीला बसणारी आम्ही दोन माणसं. त्यांना वाढताना माझा हात अवघडायचा आणि माझ्याकडून घेताना त्यांची मान खाली असायची.

भाऊंच्या वर्षश्राद्धानंतर मी धुळ्याला अक्काकडे गेले. ती वाळली होती, केस पांढरे झाले होते. तिने मला बसायला पाट दिला, स्वतः चहा केला. तिचा चहा बशीत ओतून ती तो निववत बसली, मग चमच्याने थोडा थोडा घेतला. माझ्या मुलीचं कॉलेज कसं चाललंय विचारलं. नवऱ्याच्या गुडघ्याचं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग काही विचारायचं उरलं नाही.

मी निघताना ती दारापर्यंत आली. मी म्हटलं, "येते, अक्का."

"जपून जा," ती म्हणाली. "परत ये" म्हणाली नाही. मी रिक्षात बसले आणि स्टँडपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ती दारात नसणार, हे मला माहीत होतं.